मान दुखते म्हणून पक्षीनिरीक्षण सोडायचं का?

पत्र थोडक्यात: नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिकेचं हे पत्र आहे. वय ५६. निवृत्तीनंतर त्यांना पक्षीनिरीक्षणाचा नाद लागला. हिवाळ्यात बहुतेक रविवारी त्या एका गटाबरोबर नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जातात, अधूनमधून भीमाशंकरलाही. लेकीने १० बाय ४२ ची, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगांची दुर्बीण भेट दिली, पाठोपाठ मुलाने कॅमेरा आणि १५०-६०० मिलिमीटरची लांब पल्ल्याची लेन्स घेऊन दिली. दोन्ही गळ्यात अडकवून त्या सकाळभर फिरतात. घरी येईपर्यंत मान आखडलेली असते, खांदे भरून आलेले असतात आणि मानेवर पट्ट्याचा लाल वळ उठलेला असतो. त्या लिहितात: ‘गटातले म्हणतात, हार्नेस (गळ्याऐवजी दोन्ही खांद्यांवरून घ्यायचे पट्टे) घ्या, त्रास संपेल. ऑनलाइन पाहिलं तर सहाशे रुपयांपासून आठ हजारांपर्यंत किंमती. जाड गादीवाला महागडाच घ्यावा असं वाटतंय. यजमान म्हणतात, आता वय झालं, हे ओझं हवंच कशाला? कुठला हार्नेस घेऊ, की हा नादच सोडून देऊ?’

ताई,

नाद सोडू नका. तुमच्या पत्रात त्रासाबद्दल चार ओळी आहेत आणि जांभळ्या पाणकोंबड्यांबद्दल अख्खं पान. ज्या माणसाला पाणकोंबडीने देवनळाच्या काडीवर पाय कसा रोवला हे इतकं बारीक दिसतं, त्याने पट्ट्यापायी घरी बसावं हे मला मुळीच पटणारं नाही.

हार्नेसही जरूर घ्या, पण दुर्बिणीसाठी. कॅमेऱ्याचं काय करायचं ते पुढे सांगते. त्याआधी गटातल्या मंडळींच्या ‘त्रास संपेल’ या शब्दांबद्दल बोलू. हार्नेस ओझं कमी करत नाही, त्याची जागा बदलतो. मानेच्या मणक्यावर लटकणारं वजन तो दोन्ही खांद्यांवर आणि पाठीवर वाटून देतो. ही वाटणी फार उपयोगाची असते, कारण गळ्यात वजन लटकलं की डोकं नकळत पुढे झुकतं आणि ते सावरायला मानेमागचे स्नायू सतत ताणून राहतात. पण एकूण वजन तेवढंच राहतं. तुम्ही स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दोन्ही वस्तू ठेवून बघा. १० बाय ४२ ची दुर्बीण साधारण साडेसहाशे ते आठशे ग्रॅम भरते. १५०-६०० च्या लेन्सा दोन किलोच्या आसपास असतात, वर कॅमेऱ्याची बॉडी. म्हणजे साडेतीन किलोच्या आतबाहेर वजन तुम्ही पहाटेपासून अकरापर्यंत गळ्यात वागवता. पंचविशीतल्या पोरांचीही मान यानं दुखेल. यात वयाचा काही संबंध नाही, हे यजमानांना माझ्या वतीने सांगा.

दुसरं, दुखणं पट्ट्याचंच आहे हे तुम्ही गृहीत धरलंय. थोडं असेलही, वळ तेच सांगतो. पण पक्षी पाहणाऱ्यांची मान तीन कारणांनी दुखते आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. एक, पट्ट्याचं वजन. दोन, वर बघणं. भीमाशंकरच्या जंगलात हळद्या पक्षी किंवा शेकरू शोधताना तुम्ही झाडाच्या शेंड्याकडे डोकं मागे टाकून दहा-दहा मिनिटं उभ्या राहत असणार, त्यावर जगातला कुठलाही हार्नेस चालत नाही. तिथे मधूनमधून दुर्बीण खाली घ्यायची, जमलं तर उतारावर थोडं वर चढून शेंड्याच्या पातळीला यायचं, किंवा सरळ दगडाला पाठ टेकून बसून बघायचं. तीन, हात वर धरून ठेवणं. जड लेन्स डोळ्याला लावून पक्षी उडायची वाट बघत बसलं की दंड आणि खांदे भरून येतात, मग आपण म्हणतो पट्टा काचला.

नांदूरमध्यमेश्वरला नजर पाण्यावर, म्हणजे सपाट असते. तिथे मान दुखत असेल तर दोष पट्ट्याकडे आणि वजनाकडे जातो. भीमाशंकरला जास्त दुखत असेल तर वर बघण्याकडे. पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत नेमकं कुठे दुखतं, मानेच्या मागे की खांद्याच्या टोकाला, आणि किती वाजता सुरू होतं, एवढं तुमच्या पक्ष्यांच्या वहीतच लिहून ठेवा.

आणि हातात मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील, वेदना मानेतून दंडात उतरत असेल किंवा हातातून वस्तू निसटत असतील, तर हार्नेस नंतर, आधी अस्थिरोगतज्ज्ञ. हे तुमच्या पत्रात नाही, पण इतर वाचकांसाठी स्पष्ट लिहिते. असली लक्षणं पट्टा बदलून दाबून टाकण्यासारखी नसतात.

आता मला तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य. तुम्ही लिहिलंय, ‘दोघांनी प्रेमाने दिलंय, एक घरी ठेवलं तर वाईट वाटेल.’ ताई, खरं ओझं इथे आहे. लेकीला आणि मुलाला आई आनंदात फिरलेली हवी आहे. कोणती वस्तू कोणत्या रविवारी कपाटात राहिली याचा हिशेब ते ठेवणार नाहीत. तेव्हा प्रत्येक फेरीच्या आदल्या रात्री एकच ठरवा: उद्या मी बघायला चाललेय की फोटो काढायला? बघायचं असेल तर दुर्बीण आणि वही. फोटो काढायचे असतील तर कॅमेरा, आणि दुर्बीण नेलीच तर पिशवीत. दोन्ही एकाच वेळी नीट होत नाही हा अनुभव तुम्हाला आलाच असेल. भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यावरून घिरटी घालत येतो, आपण दुर्बीण सोडून कॅमेरा उचलतो, पट्टे एकमेकांत अडकतात, आणि तो फोटोतही येत नाही आणि डोळे भरून बघायचाही राहतो.

त्यातून नांदूरमध्यमेश्वरची जागाच अशी आहे की तिथे दुर्बिणीला झुकतं माप द्यावं. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर बंधारा घातल्यामुळे गाळ साचून पसरलेलं ते उथळ पाणी. २०२० साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. बदकांचे थवे पुष्कळदा इतके आत बसलेले असतात की ६०० मिलिमीटरच्या लेन्सलाही ठिपकेच मिळतात. गटात कुणाकडे ट्रायपॉडवरची, म्हणजे तिपाईवरची, स्पॉटिंग स्कोप (एका नळीची लांब पल्ल्याची दुर्बीण) असेल तर निरीक्षण मनोऱ्यावरून त्यातून चक्रवाक आणि तलवार बदकं जी दिसतील, ती तुमच्या त्या दोन किलोच्या लेन्समधून दिसणार नाहीत. लेन्स भीमाशंकरला न्या, किंवा एखाद्या दिवशी मुद्दाम फोटोसाठी म्हणून जा.

आता हार्नेसकडे येते. दुर्बिणीच्या साध्या हार्नेसची रचना सोपी असते. दोन पट्टे दोन्ही खांद्यांवरून मागे जातात, पाठीवर दोन खवाट्यांच्या मध्ये एका चकतीपाशी एकत्र येतात, काखेखालून पुढे येतात आणि दुर्बिणीच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांना जोडले जातात. दुर्बीण डोळ्याला लावली की पट्टे सरकतात, खाली सोडली की ती छातीशी येऊन थांबते. मान पूर्ण मोकळी.

घेताना गादीकडे बघू नका. जाड गादी दुकानात हाताला छान लागते, पण एप्रिलच्या उन्हात तीच घामाने भिजते आणि खांद्यावर घामोळं उठवते. पाऊण किलोच्या दुर्बिणीला गादीची गरजच नसते. दोन बोटं रुंद, मऊ कडांचा, सपाट पट्टा पुरतो. कडा मात्र नखाने घासून बघा. स्वस्त नायलॉनची कड करवतीसारखी खरखरीत असते आणि काचते ती कडच. पाठीवरची चकती चामड्याची असेल तर आपल्या पावसाळ्यात तिला बुरशी येते. कोकणात राहणाऱ्यांनी तर चामडं टाळावंच. पट्टा पूर्ण इलॅस्टिकचा असेल तर चालताना दुर्बीण वरखाली उसळते, आणि घामाच्या मिठाने इलॅस्टिक काही हंगामांत मरगळतं. खांद्यावर साधा पट्टा आणि फक्त पुढच्या बाजूला थोडं इलॅस्टिक, अशी जोडणी मला सगळ्यात चांगली वाटते.

मग बक्कल. दुर्बिणीपाशी दोन्ही बाजूंना झटकन सुटणारी क्लिप असलेलाच हार्नेस घ्या. ती नसेल तर चहाला बसतानाही दोन्ही हात आत-बाहेर करत अख्खा हार्नेस काढावा लागतो आणि दुर्बीण शेजारणीला बघायला देता येत नाही. क्लिप प्लॅस्टिकची असावी. धातूची क्लिप चालताना दुर्बिणीवर टिकटिक वाजते, रंग घासते आणि गवतातला तित्तिर तुमच्या आधी सावध होतो. क्लिप लावून जोरात ओढून बघा, दात बसल्याचा खणखणीत आवाज आला पाहिजे. दुर्बिणीच्या कड्यातून जो अरुंद पट्टा जातो, तो चौकटीतून परत दुमडून त्याचं टोक आत खोचलेलं असावं. नुसता एकेरी ओवलेला पट्टा हळूहळू सरकतो, आणि एका सकाळी दुर्बीण दगडावर पडते. हे टोक महिन्यातून एकदा तपासायची सवय लावून घ्या.

आता बायकांसाठी थोडं, कारण हे हार्नेस बहुतेक पुरुषांच्या सपाट छातीच्या मापाने बनतात आणि दुकानदार त्याबद्दल बोलत नाहीत. पुढचे पट्टे छातीवरून आडवे-तिरके गेले तर दाबतात आणि दुर्बीण पुढे कलंडते. पट्टे खांद्यावरून सरळ खाली यावेत आणि दुर्बीण छातीच्या वर तरी टेकावी किंवा अगदी खाली तरी. मध्ये अडकली की प्रत्येक पावलाला डुलते. दोन्ही करून बघा आणि तुम्हाला बरं वाटेल तिथे ठेवा. लांबी कमी-जास्त करायच्या पट्ट्या पुढून हाताला लागतील अशा असाव्यात. पाठीवर असतील तर दर वेळी कुणाला तरी ‘जरा ओढता का’ म्हणावं लागतं.

मंगळसूत्र आणि साखळी कॉलरच्या आत घ्या. मानेवरचा लाल वळ पुष्कळदा पट्ट्याखाली दबलेल्या मण्यांचा असतो. तुमचा वळ नीट बघा, त्यात बारीक ठिपके दिसताहेत का? तसं असेल तर कॉलरचा सुती शर्ट घातल्याने निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. ओढणी घेत असाल तर ती हार्नेसच्या आत, गाठ मारून. वर घेतली तर ऐन वेळी दुर्बिणीबरोबर तीही डोळ्यासमोर येते.

पाठीवर सॅक असते का तुमच्या? पत्रात नाही, पण पाणी-डबा कुठेतरी असणारच. हार्नेसची चकती आणि सॅक एकाच जागी येतात. आधी हार्नेस, वर सॅक, असं घालून घरात चालून बघा. चकती पाठीत रुतत असेल तर जाड चकतीचा हार्नेस तुमच्या कामाचा नाही. काहीजण दुर्बीण सरळ सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यांना क्लिपने अडकवतात. चालताना ते सुखाचं असतं, पण सॅक उतरवली की दुर्बीणही उतरते, आणि नेमका तेव्हाच कैकर हा शिकारी पक्षी मासा घेऊन वरून जातो. मनोऱ्यावर सॅक खाली ठेवून बसणाऱ्यांसाठी ही सोय नाही.

बाजारात छातीवर बांधायची बंद पेटीसारखी पिशवीही मिळते, आत दुर्बीण ठेवायची. धुळीपासून आणि रिमझिम पावसापासून ती छान जपते. पण ती छाती पूर्ण झाकते आणि आपल्या उन्हात त्याचा फार उबारा होतो. शिवाय खाली बघताना पावलं दिसत नाहीत. बांधावरून चालणाऱ्यांना मी ती सुचवणार नाही.

आता कॅमेरा. त्याच हार्नेसला कॅमेरा अडकवू नका आणि मोठ्या लेन्सचा कॅमेरा गळ्यात तर अजिबात नको. पावणेतीन किलो लटकतं तेव्हा सगळा ताण कॅमेऱ्याच्या दोन बारीक कड्यांवर आणि लेन्स बसते त्या जोडावर येतो. १५०-६०० च्या लेन्सला खाली जो पाय असतो, ट्रायपॉड कॉलरचा, पट्टा तिथे जोडायचा. त्यासाठी एका खांद्यावरून तिरका जाणारा स्लिंग मिळतो. तो एका खांद्यावरून दुसऱ्या बाजूच्या कमरेपाशी येतो आणि कॅमेरा लेन्स खाली करून मांडीशेजारी लटकतो. फोटो काढताना तो पट्ट्यावरून सरकत वर येतो. खांद्यावरचा भाग इथे मात्र रुंद आणि गादीचा असू द्या, इतक्या वजनाला तो लागतो. दर तासाला खांदा बदला.

स्लिंगमध्ये एक धोका आहे. लेन्सच्या त्या पायाच्या भोकात फिरवून बसवलेला पाव इंची स्क्रू चालताना कॅमेरा डुलत राहिल्याने हळूहळू सैल होतो. प्रत्येक वेळी गाडीतून उतरताना तो हाताने पिळून बघायचा. आणि कॅमेऱ्याच्या कड्याला एक जास्तीची दोरी बांधून ती स्लिंगला अडकवायची. स्क्रू निसटला तरी ती झेलते. बऱ्याच स्लिंगबरोबर ही दोरी येते आणि बरेच लोक ती खोक्यातच ठेवतात.

तरीही माझं मत विचाराल तर तुम्ही स्लिंगवर पैसे घालण्याआधी एक मोनोपॉड, म्हणजे कॅमेरा टेकवायचा एकपायी स्टँड, घ्या. थांबून फोटो काढताना वजन जमिनीवर जातं, हात आणि खांदे सुटतात, चालताना काठीसारखा आधार होतो. तुमचं निम्मं दुखणं हात वर धरून ठेवण्याचं आहे असा माझा अंदाज आहे. पुढे कधी ताडोब्याला गेलात तर जिप्सीत हार्नेसही नको आणि मोनोपॉडही नको. तांदूळ भरलेली छोटी कापडी पिशवी जिप्सीच्या दांडीवर ठेवून त्यावर लेन्स टेकवा.

नाशिकमध्ये स्कूटरवरून पक्षी बघायला निघणारेही पुष्कळ आहेत, त्यांना एक कळकळीची विनंती. गाडीवर दुर्बीण छातीवर बांधून बसू नका, ती पिशवीत ठेवा. घसरून पडलात तर पाऊण किलोचा तो कडक तुकडा छातीखालीच येतो. किल्ल्यांच्या अवघड टप्प्यांवरही तेच, चढताना पट्टा खडकाला अडकतो आणि तोल जातो.

पैसे खर्च करण्याआधी या आठवड्यात फुकटचे दोन प्रयोग करा. दुर्बिणीचा आत्ताचाच पट्टा आखूड करा, दुर्बीण पोटाशी न लोंबता छातीशी येईल इतका. लोंबता पट्टा प्रत्येक पावलाला मानेला हिसका देतो. मग तोच पट्टा पूर्ण लांब करून गळ्यात न घालता एका खांद्यावरून तिरका घाला आणि अर्धा तास गच्चीवर फिरा. तेवढ्यानेच बरं वाटलं तर हार्नेसची घाई नाही. फरक पडला पण पुरेसा नाही असं वाटलं तर हार्नेस घ्या, आणि मध्यम किंमतीचाच. सहाशेवाल्यात क्लिप आणि टाके बघून घ्यावे लागतात. आठ हजारवाल्यात तुमच्या दुर्बिणीला लागणार नाही असं बरंच काही असतं. पट्ट्याचे टाके चौकोनात फुलीसारखे घातलेले असतील तर ते टिकतात. नुसती एक सरळ ओळ असेल तर बॅग दुरुस्त करणाऱ्याकडून आडवे टाके घालून घ्या, थोडक्यात काम होतं.

शक्य असेल तर गटातल्या कुणाचा तरी हार्नेस एक सकाळ मागून घ्या, तुमची दुर्बीण त्याला लावून फिरा. पाच मिनिटं घालून काही कळत नाही, काचणं दुसऱ्या तासाला सुरू होतं. ऑनलाइन मागवणार असाल तर परत करण्याची मुदत किती ते आधी बघा. आलेला हार्नेस टॅग न काढता घालून घरातच तासभर कामं करा: वाका, बसा, हात वर करून माळ्यावरचा डबा काढा. वाकल्यावर दुर्बीण पुढे झुलून हनुवटीला लागत असेल किंवा हात वर केल्यावर पट्टा काखेत रुतत असेल, तर दुसरं माप मागवा. एकदा नीट बसला की तो घामाचा म्हणून महिन्यातून एकदा कोमट पाण्यात साबण घालून धुवा आणि सावलीत वाळवा.